वडवणीहून स्पॅनिशला दोन जीपा

बीड, २ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आबांना,
सप्रेम जय भीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून तुम्ही माझे कान बधिर करता, म्हणून आपलं पत्रच बरं. मागच्या पत्रातला स्पॅनिशचा धडा तुम्ही ओट्यावर बसून एवढ्या मोठ्यानं वाचला की मंगलमावशीच्या कोंबड्या पळाल्या, असं कळलं. तरी खाली नवा धडा देते, तुमचा हट्टच आहे.

बातमी वाईट आहे. वर्गात आम्ही सहाजण आणि नियम पंधराचा. मंगळवारी, बारा तारखेला, विद्यापीठाचे साहेब तपासणीला येणार. पंधरा दिसले नाहीत तर वर्ग बंद. आमच्या पौर्णिमा मॅडम रोज गेटवर उभ्या राहून पोरांना बोलावतात आणि पोरं विचारतात की तलाठी भरतीला याचा उपयोग काय. वर्ग मोडला तर माझा बीडचा मुक्कामही संपला. बाबांनी यासाठीच थांबू दिलंय, केजला स्थळं तयार आहेत. आबा, हा एकच विषय मी माझ्या मनानं निवडला होता. लई रडू येतं.

धडा तिसरा. माझ्याकडे आहे म्हणजे ‘तेंगो’, दोन म्हणजे ‘दोस’. पुस्तकात मांजर आहे, पण आजीनं म्हैस विचारली होती, तर म्हशी म्हणजे ‘बूफालास’.

कंबरेला शेक घ्या आणि माझ्यावर माया राहू द्या.
तुमची नात,
आम्रपाली


वडवणी, ७ ऑगस्ट २०२५

चि. आम्रपालीस,
आबाचा जय भीम आन पोतंभर आशीर्वाद.

कावून रडतीस? चाळीस वर्षं सुंदररावांच्या सभेला माणसं पुरवली म्या. उन्हात पुरवली, आचारसंहितेत पुरवली. एकदा तर सुंदरराव सोताच आले न्हाईत, तरी आमची माणसं दोन घंटे बसून टाळ्या वाजवत होती. माझ्या हातून एक खुर्ची रिकामी राह्यली न्हाई, आन माझी नात नऊ माणसांसाठी टिपं गाळती? शोभतं का?

बंकटला दोन जीपा सांगितल्यात. पंधराला पंधरा नेणं हलकं काम, म्या तीसच्या वर धाडतो. सगळी सभेत मुरलेली माणसं हायेत, कवा उठायचं आन कवा बसायचं हे सांगावं लागत न्हाई. माझी कंबर धरलीय, म्हून तुझी आजी म्होरं राहील. मॅडमला एवढंच सांग, की संपल्यावर खिचडी लागती.

डोळे पूस. लोभ हाय तो वाढंल, कमी व्हायचा न्हाई.
तुझा आबा,
आबासाहेब


बीड, १३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आबांना,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र आज मिळालं. जीपा काल आल्या.

एकतीस माणसं, आबा! बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं, पहिल्या बाकावर आजी. साहेब बोलताना श्वास घ्यायला थांबले की टाळ्या. मधेच सटवाकाका उठले आणि पौर्णिमा मॅडम तुम आगे बढो अशी घोषणा दिली, मागून सगळ्यांनी साथ दिली. मॅडम फळ्याला टेकून उभ्याच्या उभ्या पांढऱ्या पडल्या. मग वत्सलाबाईंनी पिशवीतून शाल-नारळ काढला आणि साहेबांचा सत्कारही उरकला. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

साहेब शाल पांघरूनच बसले होते. त्यांचा चेहरा कडक झाला. त्यांनी आजीला विचारलं, की आपलं नाव काय आणि इथे काय शिकलात. संपलं सगळं, म्हटलं.

आजी पदर सावरून उठली. मे यामो भिमाबाई, म्हणाली. सोय दे वडवणी. तेंगो दोस बूफालास. मग सटवाकाका उठले, मग वत्सलाबाई, मग एकेक करत सगळी गल्ली उठली. प्रत्येकानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, म्हशी सांगितल्या. आबा, तुम्ही ओट्यावर ओरडून अख्ख्या गल्लीला शिकवून ठेवलंय! साहेबांना स्पॅनिश येत नाही, ते मॅडमकडं बघत होते आणि मॅडम रडत रडत मान हलवत होत्या.

साहेबांनी एकतीसच्या एकतीस नावं हजेरीपटावर चढवली. वर्ग चालू! पण आता दर मंगळवारी ही माणसं हवीत. एक खाडा झाला तरी वर्ग बंद, असं लिहून गेलेत. खिचडी मॅडमनी घरून आणली. आता काय करायचं, ते लवकर कळवा.

तुमच्याच भरवशावर, आणि मायेवरही,
आम्रपाली


वडवणी, २७ ऑगस्ट २०२५

चि. आम्रपालीस,
आबाचा जय भीम आन आशीर्वाद.

त्या दिसापासून तुझी आजी घरात एकच सांगती. चाळीस वर्षं सभेला गेले, म्हणती, पर मला कुणी नाव इचारलं न्हाई. त्या साहेबानं इचारलं. आन तुझ्या त्या भाषेत तर पहिल्या धड्यातच नाव इचारतेत. मला लई लागलं ते, पोरी. वत्सलाबाईला वीस वर्षं जीपात बसवतोय म्या, पर तिचं नाव वत्सलाबाई हाय हे मला तुझ्या पत्रातून कळलं. म्या आपली डोकी मोजली.

मागच्या मंगळवारी जीपा आल्याच, पर काल मंगळवारीच सुंदररावांची केजला सभा निघाली. निरोपावर निरोप आले. शेवटाला सोताच गाडी घेऊन दारात हजर, आन बंकटच्या जीपा केजकडं वळवा म्हणाले. तीस डोकी पायजेत, म्हणाले. पर म्या सांगितलं, की डोकी न्हाईत, इद्यार्थी हायेत, आन त्यांचा आज चौथा धडा हाय.

सुंदरराव तडक आजीकडं गेले. ती जीपात चढतच होती. ती थांबली, हात जोडले आन नाव इचारलं, कोमो से यामा?

चाळीस वर्षं भाषण देणारा माणूस, पर माझ्याकडंच बघाया लागला. आजीनं जरा वाट बघितली, मग बंकटला जीप काढायला सांगितली. जाता जाता मला म्हणाली, त्यांना पुढच्या मंगळवारपासून पाठवा, पहिल्या धड्यातच कच्चे हायेत.

अभ्यास कर. माया हाय तशीच ठेव, आन पुढचा धडा जरा ठळक अक्षरात लिही. सगळी गल्ली ओट्यावर येऊन बसलीय.
तुझा आबा,
मे यामो आबासाहेब