अंदाजाने घातलेल्या कड्या

४ मार्च
टेस्ट-ट्यूब बेबीच्या या दवाखान्यात स्वतःच्या हाताने केलेलं: गोठवणीच्या टाकीतली मांडणी. नळ्या ऊबदार ठेवायची पेटी. प्रयोगशाळेच्या दाराची झडप. आणि नळ्यांवरच्या रंगीत कड्या – एकोणचाळीस! लेथवर कातल्या, प्रत्येकीवर नंबर कोरला. शाळा आठवीपर्यंत. तरी डॉक्टरबाई चारचौघांत म्हणतात, "आमचे इंजिनिअरसाहेब."

६ मार्च
आज दोन जोडपी. नियम असा की नळीचा नंबर आमच्यातल्या दोघांनी मोठ्याने वाचायचा. बाई त्याबाबतीत कडक – "बीज नवऱ्याचंच. परक्याचं गेलं तर शरियतमध्ये हराम, आणि पोराचा बापच हरवला."

सिस्टर वाचायला आली. म्हटलं, जा, चहा पी. मला वाचता येतं! "बरं बाबा, तुम्हीच शहाणे," म्हणाली नि गेली.

नळ्या फिरवणारं मशीन थांबलं. दोन्ही नवऱ्यांच्या नळ्यांवरच्या कड्या निसटून तळाशी! या खेपेच्या नळ्या केसभर बारीक. मी मोजल्या नव्हत्या. मी!

अंदाजाने परत घातल्या. बोललो नाही.

७ मार्च
उरलेल्या नळ्या मोजल्या. सगळ्याच बारीक.

८ मार्च
पेटीत दोघींचेही गर्भ तयार झाले. अकरा तारखेला गर्भाशयात सोडायचे. एकीचं वय एकेचाळीस, तिची स्त्रीबीजं यापुढे मिळणार नाहीत. जिन्यात भेटली. "दादा, नीट सांभाळा हं."

मान हलवली. निर्लज्ज!

९ मार्च
बाईंना सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढला. शेजारी त्यांचे थोरले भाऊ, तेही डॉक्टर.

"बहुतेक बरोबरच असतील गं," ते म्हणाले. "तिचं वय बघ. अल्ला माफ करणारा आहे."

"भाईजान, माफी आपल्याला मिळेल. पोराला काय मिळेल?"

"म्हणजे टाकून द्यायचे?"

"शंका आहे ना? मग हात लावायचा नाही."

माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ मार्च
बाईंनी दोन्ही जोडप्यांना सगळं सांगितलं. "चूक माझी. देखरेख माझी." मी दाराआड उभा. एकेचाळीसवाली रडली नाही. पर्स उघडली, मिटली, परत उघडली.

१२ मार्च
बाईंना हे अजून ठाऊक नाही. गेल्या वर्षी त्या रजेवर असताना कंपनीचा माणूस आला होता. नळीवरच नंबर चिकटवणारं यंत्र – जुळला नाही तर किंचाळतं. "महिनाभर फुकट वापरा, मॅडमना दाखवा." म्हटलं, इथे मी आहे. दारातूनच परत पाठवला.

किंमत अठ्ठावीस हजार.