ग्लेनचा नवा कन्सोल

रविवार, अंधेरी

ग्लेनने व्हिडिओ गेमचा नवा कन्सोल घेतला, म्हणून आज त्याच्या घरी गेलो. शाळेपासूनचा मित्र. वर्षभर मी त्याला टाळतोय, हे त्यालाही कळतं. माझ्यासाठी त्याने वेगळा कंट्रोलर घेऊन ठेवला होता.

"जुन्यापेक्षा फरक दिसतो ना, यार?" टीव्हीवर फुटबॉलचा गेम खेळून दाखवत त्याने विचारलं.

खरं तर फारसा नव्हताच. त्याच्या बायकोसमोर म्हणालो, "दिसतो ना. आता तू हरतोस ते जास्त स्पष्ट दिसतं."

ती हसली. तो नाही. माझ्यासाठी ठेवलेला कंट्रोलर मी हातातसुद्धा घेतला नाही. का?

निघताना विचारलं, "जुना काय वाईट होता रे?"

"जुन्यावर खेळायला तू येत नव्हतास."

मला वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं.