कठड्याची गादी आणि व्याह्यांची कंबर

पालम,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

कुसुमबाई विहीणबाईंना चांगुणाचा मनापासून जय भीम.

इकडं समदे बरे हाव. सुकेशनी दोन टाइम नीट जेवायलीय. तुमची नात पिते, झोपते, आन् उठली की पुन्हा पिते. नाक सिद्धोधनवर गेलंय, म्हणजे तुमच्यावरच. आवाज कुणावर गेलाय ते मी सांगत न्हाई, तुमी आधीच रागात हाव.

फोन केला तर तुमी उचलत न्हाईत. उचलला तर मला बोलू देत न्हाईत. म्हणून हा कागद. ह्याला मधीच तोडता येत न्हाई. फाडता येईल, पण आधी वाचा.

शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर तुमी जे बघितलं ते खरं हाय. सिद्धोधननं परभणीहून कठड्याचा पाळणा आणला, त्याच्या आतून चारी बाजूंनी बांधायला तुमी तुमच्या सासूबाईंच्या लुगड्यात कापूस भरून गादी शिवून पाठवली, ती सुकेशनीच्या बाबांच्या कमरेला होती. त्यांची कंबर धरलीय. गादीला आयत्या नाड्या, लांबीपण बरोबर. मी लाख वेळा सांगितलं, फोन आला की उठू नका. पण ह्या माणसाला तुमाला उभं राहून जय भीम घालायचा होता. पोटावर तुमी दोऱ्यानं भरलेले हत्ती घेऊन उभे राहिले. आमच्या घरात बाळंतीण कोण हाय तेच पाहुण्यांना कळंना गेलंय.

तुमी म्हणलात, "माझ्या सासूबाईंच्या लुगड्याचा तुमी कंबरपट्टा केलात." आन् फोन ठेवला. आता सिद्धोधन सांगतोय की आई नामकरणाला येणार न्हाई.

शुक्रवारी पाळणा मोकळा दिसला तवा गादी धुवायला काढलीय असं मी तुमाला सांगितलं होतं. ते खोटं. वली गादी कुणी कमरेला बांधत न्हाई, हे तुमच्या ध्यानात आलंच असंल. आन् रोज सकाळी जो फोटो यायचा ना, गादीत झोपलेल्या लेकराचा, तोबी तसाच. फोटोपुरती गादी बांधायचो, फोटो निघाला की सोडायचो. एकदा गडबडीत उलटी बांधली, हत्तीचे पाय वर. तुमी त्यावर "लय गोड" असं लिहून पाठवलं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

आता तुमी म्हणाल, एवढं नाटक कशापायी? सरळ सांगायचं होतं. तेच तर मला जमंना गेलंय.

दवाखान्यातून घरी सोडतानाच सुकेशनीला सांगितलं होतं, पाळण्यात मऊ काही ठेवू नका. तिनं मला बजावलं. मी तिला झापलं. म्हणलं, तुला गोधड्यात वाढवलं, तुला काय झालं? सासूनं एवढ्या मायेनं शिवलंय, पणजीच्या लुगड्याची ऊब लेकराला लागू दे. गादी मीच बांधली, विहीणबाई. मी तुमच्याच बाजूची होते.

मग एका दुपारी मी दारात तुरी निवडत बसले होते. लेकरू लय वेळ गप होतं. मी शेजारच्या सविताला सांगायलेय, बघ, विहीणबाईंच्या गादीत कसं शांत झोपतंय. पाणी प्यायला आत गेले तर ते सरकत सरकत कडंला गेलेलं. तोंड गादीत रुतलेलं. उचललं तर आधी आवाजच न्हाई. मग रडलं. मी तिच्यापेक्षा मोठ्यानं रडले.

घाबरू नका, पोर ठणठणीत हाय. तसंच दवाखान्यात पळवलं, डॉक्टरीणबाईनं नीट तपासलं. मी म्हणलं, गादी काढली तर कठड्यात हात-पाय अडकतील की. त्या म्हणाल्या, "आजी, पाय अडकला तर लेकरू रडतं, तुमी येऊन सोडवता. नाक दबलं तर त्याला रडताबी येत न्हाई." घरी येऊन मी आधी गादीच्या नाड्या सोडल्या.

आता ती उताणी झोपते, पाळण्याच्या तळाच्या कडक सपाट गादीवर, एकटी. पाळण्यात उशी न्हाई, झालर न्हाई, खेळणं न्हाई. बघायला उघडंबोडकं वाटतं, पण मला झोप लागते.

तुमाला कळवलं न्हाई, कारण भ्याले. माहेरच्यांना एक लेकरू सांभाळता आलं न्हाई असं तुमी म्हणाल, आन् ते ऐकायची माझी हिंमत नव्हती. आता म्हणा. ऐकते.

रविवारी विहारात नामकरण हाय. आज्जीबिगर नाव ठेवायचं न्हाई असं सुकेशनी म्हणते. तुमी या. गादी उसवून लुगडं मोकळं करू. ते तुमच्या मांडीवर अंथरा आन् त्यावर नातीला घ्या, जागेपणी, डोळ्यांपुढं. ऊब तशीबी लागते. सुकेशनीचे बाबा गादी द्यायला तयार झालेत. नवी शिवणार असाल तर हत्ती नकोत म्हणतात.

आन् एक. महिन्याभरात माय-लेकी परभणीला यायच्या हायत. पाळण्यात असलं काही पुन्हा बांधणार न्हाई, एवढा शब्द मला तुमच्या तोंडून पाहिजे. तो मिळेस्तोवर दोघी इथंच राहतील. सिद्धोधन न्यायला आला तर जेवू घालून माघारी पाठवीन. तुमी रुसा, चार पाहुण्यांत मला नावं ठेवा, चालंल.

विहीण म्हणून तुमच्या पाया पडते. आज्जी म्हणून इंचभर हटणार न्हाई.

तुमचीच,
चांगुणा