सात नंबरची जर्सी काचेतून काढावी

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, वीज कंपनीचा सेवानिवृत्त मीटर निरीक्षक आणि कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा एके काळचा सात नंबर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला न जुमानता लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

१. राहती दोन खोल्यांची जागा व बँकेतील ठेवी पत्नीस, तिच्या पश्चात मुलीस. पत्नी हयात असेतो जावईबापूंनी जागा विकण्याचा विषय काढू नये. काढल्यास तिने त्यांना खुशाल दाराबाहेर उभे करावे.

२. हवा भरायचा पंप, शिट्टी व तीन चेंडू इमारतीमागे खेळणाऱ्या मुलींना. त्यांच्यावर रोज खेकसणाऱ्या तळमजल्यावरच्या गृहस्थांना मी काहीही ठेवत नाही.

३. कॉलेजच्या व्यायामशाळेत काचेच्या पेटीत टांगलेली सात नंबरची जर्सी माझ्या मालकीची आहे. गेल्या वर्षी माझ्या गौरव समारंभात मी ती फक्त मांडायला दिली. पावती निळ्या फायलीत आहे. ती जर्सी काढून चौदा नंबरला द्यावी. चौदा नंबर म्हणजे संघातला माझा जोडीदार. आज त्याचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान आहे.

कारण लिहितो. अंतिम सामन्याच्या मध्यंतरात आम्ही दोघांनी घामाने भिजलेल्या जर्सी पिळून एकाच खिळ्यावर अडकवल्या. शिट्टी झाली आणि घाईघाईत त्याची मी घातली, माझी त्याने. खेळ सुरू झाल्यावर लक्षात आलं. प्रशिक्षक दातओठ खात म्हणाले, "आता बदललीत तर पंचांना कळेल, फाऊल बसेल. गुमान खेळा!"

शेवटच्या चार सेकंदांत मधल्या रेषेजवळून जी बास्केट झाली, ती सात नंबरने केली. म्हणजे त्याने. मी तेव्हा चौदा नंबर घालून जमिनीवर आपटलो होतो. गुणलेखकाने आकडा पाहून लिहिलं, पेपरने गुणपत्रक पाहून छापलं आणि वीज कंपनीने पेपर पाहून खेळाडूंसाठी राखीव असलेली नोकरी मला दिली. जागा एकच होती. घरी बाप अंथरुणाला खिळलेला. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. हे कारण झालं, माफी नव्हे.

तो मला एकदाच म्हणाला, "जर्सी तुझी, हात माझे. सोड रे, चहा पी." त्याने सोडलं. मला पन्नास वर्षं सुटलं नाही.

समारंभात मी हेच माईकवर सांगितलं. अध्यक्षांनी माईक काढून घेतला. "बघा, केवढा हा विनय!" म्हणाले. सभागृह टाळ्या पिटू लागलं. पहिल्या रांगेत आमची हीसुद्धा! घरी येऊन पुन्हा सांगितलं तेव्हा कुठे तिचा चेहरा उतरला. मग मी कॉलेजला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं, 'यातून आपला मोठेपणाच दिसतो.' डोंबलाचा मोठेपणा! मी चोरी कबूल करतोय आणि तुम्ही मला फुलं देताय?

म्हणून हे मृत्युपत्र. यावर कोणी टाळ्या वाजवत नाही.

४. कॉलेजने जर्सी न दिल्यास मुलीने कोर्टात जावे, खर्च ठेवींतून करावा. व्यायामशाळेतल्या विजेत्यांच्या फलकावर शेवटच्या बास्केटपुढचे माझे नाव खरवडून काढावे. मात्र पहिल्या अर्ध्यातले बावीस गुण माझे आहेत. त्यातला एकही मी कुणाला देणार नाही, अध्यक्षांच्या बापालासुद्धा!

५. चौदा नंबरलाच साक्षीदार करणार होतो. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळतंय त्याची सही नको." तेव्हा गुणलेखकाला शोधून काढलं. वय शहाऐंशी. तीन मजले चढून आले, पाणी प्यायले, सगळं वाचलं आणि पेन मागितलं.

ठिकाण: राहते घर, तिसरा मजला. तारीख: नऊ मार्च.
(सही)

साक्षीदार पहिला, घरचे डॉक्टर: माझ्यासमोर पूर्ण शुद्धीत सही केली. रक्तदाब थोडा चढलेला होता.
(सही)

साक्षीदार दुसरा, त्या सामन्याचा गुणलेखक: मी आकडा पाहिला, माणूस पाहिला नाही. शेवटची बास्केट सात नंबरच्या नावावरून खोडून चौदा नंबरच्या नावे लिहीत आहे.
(सही)