आधी पाठ, मग भाषण

भाऊ,

काल आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी बोलायला उभी राहिले. मी! शाळेत स्वागतगीत म्हणताना मागच्या रांगेतसुद्धा जिला घाम फुटायचा, ती. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी असं काही घडलं की आधी तुम्हाला सांगावंसं वाटतं. घरात ऐकायला आता कुणी नाही. हे गेले, मुलगा बंगळूरला. त्याला फोनवर सांगायला लागले तर म्हणाला, "आई, यार, तू कशाला पडतेस असल्या भानगडीत?" तुम्ही असं म्हणाला नसता. तुमचा उभा जन्म भानगडीत पडण्यातच गेला. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे, आणि पाल्हाळ लावणार आहे, कारण मध्येच घड्याळ बघायची तुमची खोड आता चालायची नाही.

विषय होता माझ्या स्वयंपाकवालीचा. मी आता गुडगावला राहते, उंच इमारतीत. ती माझ्याकडे आणि याच टॉवरमधल्या आणखी काही घरी पोळ्या करते. उन्हाळ्यात तिचा खोकला जाईना, तेव्हा मीच तिला दवाखान्यात घेऊन गेले. टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. परत येताना रिक्षात तिने विचारलं, "आंटीजी, बाकी घरों में क्या बोलूँ?" आणि मी शेवटी तुमचीच मुलगी, फटकन बोलून गेले, "सच बोल. छुपाना नहीं." तिने खरं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस घरी राहिली. मग त्यांनीच लिहून दिलं की आता हिच्यापासून कुणाला धोका नाही, औषध चालू ठेवून काम करू दे. तो कागद घेऊन ती आली तर गेटवर तिचा पास बंद. तिथूनच तिने मला फोन केला. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आंटीजी, झूठ बोलती तो काम रहता." सल्ला माझा आणि चूल तिची विझलेली. दोन रात्री मला अन्न गोड लागलं नाही. पास द्यायचा की कायमचा बंद करायचा हे ठरवायला कालची मीटिंग होती.

तिथे काय बोलायचं याचा विचार करत होते, तेव्हा तुमचं पानिपतचं भाषण आठवत होतं. मी तेव्हा फ्रॉक घालण्याच्या वयाची. तुम्ही खासदार होऊन आम्हाला दिल्लीला आणलेलं, नव्या सरकारी बंगल्यात जांभळाचं झाड होतं, आणि तुम्ही देशभर टीबीवर बोलत हिंडत होतात. पानिपतच्या हातमागवाल्यांनी बोलावलं तेव्हा ऐन संक्रांतीचे दिवस. आई तिळाच्या वड्या थापता थापता म्हणाली, "लोक तुम्हाला भाऊ म्हणतात, त्यात संक्रांत, आणि निघालात कुठे तर पानिपतला. तिथे गेलेले भाऊ परत येत नाहीत, ठाऊक आहे ना?" तुम्ही म्हणालात, "म्हणून तर पोरीला बरोबर नेतोय. मी हरवलो तर खरा भाऊ कोणता ते ओळखायला." आणि मग मला डोळा मारलात. मला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण आई तोंडाला पदर लावून हसली एवढं आठवतं.

मी पुढच्या रांगेत सतरंजीवर बसले आहे. हवेत सूत आणि रंगाचा वास. मंचावर तुमचं नाव पुकारतात, आणि तुम्ही उठता. उभे राहिल्यावरही बसलेल्या अध्यक्षांहून फार उंच दिसत नाही. लोक थोडे कुजबुजतात, ते नेहमीचंच. तुम्ही माइकपाशी येता आणि काही न बोलता लोकांकडे पाठ करून उभे राहता. कोटाखालचं ते कुबड सगळ्यांना दिसेल असं, अगदी निवांत. मग तसेच, पाठमोरे, बोलता, "पहले पीठ देख लीजिए. अच्छी तरह देखिए. फिर मेरी बात सुनिए." मग वळून सांगता की लहानपणी मणक्याला टीबी झाला, घरच्यांनी नजर लागली म्हणून लपवला, वैद्याकडे न्यायला उशीर केला, आणि ही पाठ त्या उशिराची आहे. बस्स. प्रत्येक सभेत सुरुवात हीच. पुढचं भाषण मला कधीच आठवत नाही, कारण माझं सगळं लक्ष लोकांच्या तोंडांकडे असायचं. आधी कुणाला बघवायचं नाही, कुणी हसू दाबायचं, आणि तुम्ही वळलात की सगळे एकदम सरळ बसायचे.

त्या दिवशी भाषणानंतर एक म्हातारा विणकर आला. नमस्कार नाही, काही नाही, सरळ तुमच्या पाठीवर हात ठेवला. "दर्द होता है?" तुम्ही म्हणालात, "सर्दियों में." तो बराच वेळ हात तसाच ठेवून उभा होता. मग हळूच म्हणाला, "मेरा लड़का भी खाँसता है." परतीच्या गाडीत तुम्ही मला सांगितलंत, "या एका वाक्यासाठी यायचं असतं. बाकीचं भाषण नुसती सोबत." आईला मात्र तुमचं ते वळणं अखेरपर्यंत रुचलं नाही. "आपलं दुखणं असं चारचौघांत मांडायचं म्हणजे काय?" म्हणायची. आणि मी? मी रोज संध्याकाळी शुभंकरोति झाल्यावर देवापाशी एकच मागायची, की सकाळी उठतील तेव्हा भाऊंची पाठ सरळ झालेली असू दे. हे तुम्हाला माहीत नव्हतं.

करोलबागेतला तुमचा शिंपी आठवतो का? तुम्ही मंत्री झालात तेव्हा शपथविधीचा बंदगळा कोट त्यानेच शिवला. त्या भल्या माणसाने प्रेमापोटी दोन्ही खांद्यांत कापूस भरून पाठ सपाट दाखवायची युक्ती केली होती. "साहब, फोटो में पता ही नहीं चलेगा." तुम्ही आरशात पाहिलंत, खरंच कळत नव्हतं, आणि म्हणालात, "मास्टरजी, लोगों ने वोट मुझे दिया है, कपास को नहीं." बिचाऱ्याने तिथल्या तिथे शिवण उसवली. खातं तुम्हाला भलतंच मिळालं, आरोग्य शेवटपर्यंत मिळालं नाही. तुम्ही आईला म्हणालात, आरोग्य ज्याचं बिघडलंय त्याला आरोग्यखातं कोण देणार. हसत म्हणालात, पण त्या दिवशी जेवताना भाकरी अर्धी टाकून उठलात. मला दिसलं होतं.

आणि मग मीच आजारी पडले. कॉलेजचं दुसरं वर्ष. संध्याकाळचा ताप, खोकला, कॉलेजजवळच्या हिंदूरावच्या टेकडीवर मैत्रिणींबरोबर चढताना लागलेला दम. छातीचा फोटो काढला आणि जे निघायचं ते निघालं. आईचा चेहरा पांढरा फटक पडला. जो शब्द तुम्ही सगळ्या देशाला मोठ्याने म्हणायला शिकवत होतात, तो तिला आपल्याच स्वयंपाकघरात उच्चारवेना. "छातीचं" म्हणायची. मी आज तिला दोष देत नाही. लग्नाची मुलगी, आणि तिच्या माहेरी या रोगाने दोन माणसं गेलेली. तिने माझं ताट, वाटी, भांडं वेगळं काढलं आणि चुकून मिसळू नये म्हणून प्रत्येकावर नखांच्या लाल रंगाचा ठिपका लावला. दुपारी तो ठिपका बघून मी वाटीतली आमटी तशीच ठेवली.

संध्याकाळी तुम्ही संसदेतून आलात. ठिपका पाहिलात. कोट काढला, बाह्या सारल्या, ती नखांच्या रंगाची बाटली मागवलीत आणि स्वयंपाकघरात पाट टाकून बसलात. ताटं, वाट्या, कप, पळ्या, चहाची किटली, एकेक घेऊन सगळ्यांवर ठिपके. जिभेचं टोक बाहेर काढून, शाळकरी मुलासारखे. आई दारात उभी राहून आधी चिडली, मग म्हणाली, "अहो, निदान देवाच्या पळीला तरी सोडा!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "का? देवाला वेगळं का काढायचं?" बाटली संपली तेव्हा घरात बिनठिपक्याचं भांडं उरलं नव्हतं. पुढे किती मोठमोठी माणसं त्या कपांतून चहा पिऊन गेली आणि विचारत राहिली की ही महाराष्ट्राची काही रीत आहे का. आई एकदा सरळ "हो" म्हणाली. त्यातली एक वाटी अजून माझ्याकडे आहे. माझ्या स्वयंपाकवालीने पहिल्याच आठवड्यात तो ठिपका तारेच्या घासणीने काढायला घेतला होता, तेव्हा मी अशी ओरडले की ती बिचकलीच.

पण त्याच महिन्यात मी तुमच्यावर रुसले होते, ते आठवतं? तुमच्या मोहिमेतले दोघेजण घरी आले होते. मी पडद्याआड होते. ते म्हणत होते, "भाऊसाहब, बिटिया की एक तस्वीर छप जाए पोस्टर पर, तो समझिए पूरे देश की आँखें खुल जाएँगी." तुम्ही एका शब्दात नाही म्हणालात, तेही चढ्या आवाजात. मला वाटलं, झालं. स्वतःची पाठ जगाला दाखवतात आणि मुलीची लाज वाटते. रात्री जेवताना मी तुमच्याशी बोलले नाही. शेवटी तुम्हीच विचारलंत, आणि मी म्हणून टाकलं, "तुम्हालाही मला लपवायचंच आहे." तुम्ही घास खाली ठेवलात. तुम्ही मला रागावल्याची ती एकच वेळ मला आठवते. "पाठ माझी आहे, म्हणून ती मी दाखवतो. छाती तुझी आहे. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरवशील. माझ्या भाषणासाठी तू आजारी पडलेली नाहीस." मग मऊ आवाजात, "आमटी खा. गार होतेय."

मी बरी झाले. लग्न ठरताना तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "ठरवलंस?" मी ह्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. ह्यांनी समोसा खाता खाता "अच्छा" म्हटलं आणि चटणी पुढे सरकवली. त्यावर मी माणूस पसंत केला. त्यानंतर कुणाला सांगायची वेळच आली नाही. छातीवर काही दिसत नाही, आणि न विचारता कोण सांगत बसतं?

तर काल. क्लब हाऊसच्या एसी हॉलमध्ये सगळे जमलेले. सेक्रेटरी मोठे सभ्य गृहस्थ. "आंटी, हमें पर्सनली कोई प्रॉब्लम नहीं है, पर छोटे बच्चे हैं सोसायटी में." डॉक्टरांचा कागद मी फिरवला, कुणी नीट वाचला नाही. एक तरुण आई खरंच घाबरलेली होती, तिच्या मांडीवर बाळ होतं, तिला मी काय म्हणणार? स्वयंपाकवाली दाराबाहेर चपला काढून उभी होती, तिला आत बसायलाही कुणी सांगितलं नव्हतं. हात वर करून मत घ्यायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, एक मिनिट, आणि माइक घेतला.

आणि भाऊ, माझ्याकडून काय व्हावं? मी वळले. लोकांकडे पाठ करून उभी राहिले. ठरवून नाही, शपथ. बोलायला उभं राहायचं म्हणजे असंच, एवढंच मला माहीत होतं. समोर भिंत, भिंतीवर योगावर्गाचं वेळापत्रक, आणि तेव्हा लक्षात आलं की माझी पाठ सरळ आहे. तिथे बघण्यासारखं काहीच नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, आंटी नाराज़ हो गईं. आंटी, बैठिए ना, प्लीज़." मला हसू फुटलं. हसतच परत वळले आणि म्हटलं, "नाराज़ नहीं हूँ. मुझे भी टीबी हुआ था. छाती का. उन्नीस की थी." तुमचं नाव सांगितलं असतं तर दोनचार जुनी माणसं उठून उभी राहिली असती. सांगितलं नाही. "मेरे हाथ के बेसन के लड्डू आप सबने खाए हैं, हर दिवाली. इसने सच बोला, तो इसका पास बंद हो गया. कल मेरा भी कर दीजिए. और परसों जिसको खाँसी होगी, वो आपको बताएगा क्या?"

इतकंच. टाळ्या वगैरे काही नाही. मग मागच्या रांगेतले एक म्हातारे सरदारजी बसल्या बसल्याच म्हणाले, "मेरी वाइफ को भी था. हमने किसी को नहीं बताया." त्यांच्या मुलाने चमकून वडिलांकडे पाहिलं, त्याला पण माहीत नसावं. पासाच्या बाजूने हात वर झाले, सगळे नाही, पण पुरेसे. त्या तरुण आईचा हात खालीच होता. बाहेर पडताना मात्र तिने मला गाठून विचारलं की गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतात. आज सकाळी स्वयंपाकवाली आली, कणीक मळायला बसली, आणि पोळ्या नेहमीपेक्षा जाड केल्या.

हे पत्र टाकणार कुठे? घडी करून त्या ठिपक्याच्या वाटीखाली ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. इतकी वर्षं तुमची पाठ सरळ व्हावी म्हणून देवाला साकडं घालणारी मी, काल त्या भिंतीकडे तोंड करून उभी असताना मला तुमच्या पाठीचा हेवा वाटला. तुम्हाला नुसतं वळावं लागायचं. मला तोंडाने सांगावं लागलं, आणि ते फार जड गेलं, भाऊ. आईला मात्र यातलं काही सांगू नका.