एक नंबरचा फ्रीज

प्रिय दादा,

परवा तुझ्या नव्या दुकानावरून गेले. काचेतून तू दिसलास, कुणा म्हाताऱ्या बाईंना कुठली गोळी कधी घ्यायची ते बोटांवर मोजून सांगत होतास. आत यायचा धीर झाला नाही. फोन केला तर तुझं नुसतं 'बोल गं' ऐकूनच माझी बोबडी वळेल, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या रुग्णालयात फ्रीजच्या नोंदी आपोआप ठेवणारी माझी ब्लॉकचेन यंत्रणा आली ती तुझ्याच शब्दावर. औषधांचं भांडार तू सांभाळायचास, वीस वर्षं फ्रीजचं तापमान दिवसातून चारदा वहीत लिहायचास. मी वरिष्ठांना समजावत होते, की प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीत गुंतलेली असते, तिच्या प्रती सहा ठिकाणी असतात, एकीत कुणी खाडाखोड केली तर बाकीच्या पाच चुगली करतात. ते जांभया देत होते. तू म्हणालास, "ती सांगतेय ना, मग घ्या." काम मिळालं, आणि पहिल्याच आठवड्यात मी तुझी वही बंद करायला लावली. एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची, मी म्हणाले.

मग ती नोंद आली. लसींचा एक नंबरचा फ्रीज, पाच तास, अठरा अंश. तीनशे डोस टाकून द्यावे लागले. चौकशीत तू एकच सांगत राहिलास, की त्या दिवशी साफसफाईसाठी बंद ठेवला होता तो दोन नंबरचा, आणि तो रिकामा होता. एक नंबरमध्ये तू स्वतः हात घालून पाहिला होतास. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "ही नोंद कुणालाच बदलता येत नाही. मलासुद्धा." त्यात खोटं काही नव्हतं, दादा. तू चष्मा काढून पुसलास. आठवड्याने राजीनामा दिलास.

बंद ठेवलेला दोन नंबरचा फ्रीज त्याच नोंदींत थंडगार कसा, हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. मी तो पडूच दिला नाही.

पुढे फ्रीज बदलले, तेव्हा मी त्यांत बसवलेले, नोंदी पाठवणारे तापमापक काढायला गेले. एक नंबरमधून जो निघाला, त्याच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात 'दोन' लिहिलं होतं. बसवताना मीच अदलाबदल केली होती. यंत्राने लबाडी केलीच नव्हती, त्याने माझी चूक सहा ठिकाणी जपून ठेवली होती. आणि मी काय केलं, तर ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली. आणखी बारा रुग्णालयांचं काम मिळायच्या बेतात होतं. आज सांगू, उद्या सांगू करत सात महिने गेले. मध्ये तुझ्या लेकीच्या वाढदिवसाला येऊन केक खाऊन गेले, आणि तू मला बसपर्यंत सोडायला आलास.

जुनी नोंद पुसता येत नाही, तिच्याखाली दुरुस्ती जोडता येते. आज सकाळी मी ती जोडली. काय चुकलं, कुणाचं चुकलं, कधी कळलं आणि किती दिवस दडवलं, सगळं माझ्या नावानिशी. दुपारपर्यंत मला बोलावणं येईलच. तुला हे तिऱ्हाइताकडून कळू नये, म्हणून पत्र हातोहात पाठवतेय. आईला तू 'कंटाळलो म्हणून सोडलं' एवढंच सांगितलंस, माझं नाव कुठे येऊ दिलं नाहीस. तिला खरं काय ते तू सांगू नकोस. रविवारी मी येऊन सांगेन. तेव्हा तू घरात असलास तर मला बरं वाटेल. नसलास, तरी सांगेन.

तुझीच,
धाकटी