कपाटाचा खालून दुसरा खण

ती. आत्यास,

हात साबणाने दोनदा धुतले, कोरडे केले आणि मग जोडले. तुझ्याकडे नमस्कार असाच चालतो. पत्रातून करायचा म्हणून मी त्यात सूट घेतलेली नाही.

गुडघे कसे आहेत? जिना पुसताना वरून खाली यावे, खालून वर जाऊ नये, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे तू कळवले होतेस. (आतोबांच्या पत्राप्रमाणे डॉक्टर म्हणाले होते की जिना पुसूच नये. मी दोन्ही पत्रे जपून ठेवली आहेत.) आतोबांचा खोकला आता बरा असेल. बाहेरून आल्यावर त्यांना अजून चष्मा धुवावा लागतो का? मागच्या खेपेला त्यांनी मला गॅलरीत नेले आणि हळूच सांगितले की गेल्या तीस वर्षांत त्यांना या घरात एकदाही मनमोकळे शिंकता आलेले नाही. मी त्यांना धीर दिला. म्हटले, आमच्याकडे शिंक आली तर हात वर करून खोलीबाहेर यावे लागते, आणि पुन्हा आत शिरायला पाऊण तास जातो. ते म्हणाले, "तुला त्याचा पगार मिळतो."

माझे उत्तम चालले आहे. हे पत्र काळजीचे नाही हे आधीच सांगतो, कारण तू पत्र नेहमी शेवटाकडून वाचतेस आणि मग वरचे काही तुला खरे वाटत नाही. या वेळी कृपा करून वरून वाच.

तू शेजारणीला सांगतेस की भाचा यान बांधतो. मी ते कधी खोडून काढले नाही, पण यान बांधणारे वेगळे. त्यांनी बांधलेले स्वच्छ आहे की नाही, एवढेच मी बघतो. पांढरा झगा, टोपी, एकावर एक दोन हातमोजे, तोंडावर पट्टी. उघडे फक्त डोळे. हातात कापसाचा बोळा लावलेली काडी. यानाच्या तळहाताएवढ्या जागेवरून ती आधी उभी, मग आडवी, मग तिरकी फिरवायची. नळीतल्या पाण्यात खळबळायची. ते पाणी तापवायचे, आणि त्यातूनही जे जगेल त्याला काचेच्या बशीत खाऊपिऊ घालून तीन दिवस वाट बघायची. चौथ्या दिवशी बशीत ठिपके उगवतात. जितके ठिपके, तितके प्रवासी न विचारता यानावर चढून बसलेत असे समजायचे. (हे काम मला कुणी शिकवावे लागले नाही. दाराची कडी, नळाची मूठ, दिव्याचे बटण, सगळे याच क्रमाने पुसताना मी तुला पाहिले आहे. नोकरीच्या मुलाखतीत मी हे सांगितलेही होते.)

आता एवढी उठाठेव कशाला, तर यान मंगळावर जाणार आहे. तिथे ते जमिनीत हातभर भोक पाडणार आणि खाली काही जिवंत आहे का ते बघणार. अशा जागी आपले जंतू बरोबर गेले तर दोन घोळ होतात. एक, तिथे खरेच कुणी राहत असेल तर त्याच्या घरात आपण पाय न धुता शिरलो. दुसरा घोळ आमच्या धंद्याच्या दृष्टीने जास्त वाईट. आपलाच जंतू तिथे आपल्याला सापडायचा आणि आपण साऱ्या जगाला ओरडून सांगायचे, की बघा, परग्रहावर जीव आहे. परक्याच्या घरात स्वतःचाच रुमाल सापडावा आणि चोर पकडला म्हणून आपण नाचावे, तसे. म्हणून प्रत्येक प्रवाशाची आम्ही ओळख लिहून ठेवतो. चार-पाच नेहमीचे असतात, कातडीवरचे, केसांतले, धुळीतले. ते ठरल्यापेक्षा कमी असले की चालतात. अनोळखी मात्र एकही चालत नाही.

दीड महिन्यापूर्वी एक अनोळखी आला. पिवळसर, कडेने सुरकुतलेला, बशीत ऐटीत पसरलेला. तीन जागी सापडला: गिरमिटाच्या झाकणावर, डाव्या चाकापाशी आणि यानाच्या पोटाखालच्या पट्टीवर. त्याला उन्हासारखा जहाल दिवा दाखवला, तो राहिला. वाळवला, राहिला. आमच्या पुसायच्या औषधाचा थेंब टाकला, तर मरायचे सोडून त्याने बाळसे धरले. तो ते औषध खात होता. आमच्या विभागाच्या प्रमुख बाई कमी बोलतात. त्यांनी बशी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "कुणाचा आहे ते शोधा." एवढे बोलून त्या निघून गेल्या आणि संशय आमच्या दोघांच्या डोक्यावर आला.

दोघांच्या म्हणजे माझ्या आणि दाढीच्या. नमुने घेणारे आम्ही दोघेच. त्याला सगळे दाढी म्हणतात, कारण ती आहे, आणि तिला वेगळी जाळी बांधून त्याला आत यावे लागते. मी एक मिनिटही विचार केला नाही. अकरा पानांचा अहवाल लिहिला. दाढी हे कसे जंगल आहे, जाळीला भोके कशी असतात, तो बोलताना जाळी कशी हलते, त्यात एक आकृतीसुद्धा होती. दाढी मला जेवणाच्या खोलीत म्हणाला की त्याची दाढी माझ्या तोंडापेक्षा जास्त वेळा धुतली जाते. मी तेही बाराव्या पानावर जोडले. मग त्याने दाढी काढली. खालून एक साधा, थोडा खिन्न चेहरा निघाला. त्याच्या बायकोने तो पहिल्यांदाच पाहिला. तिला कसा वाटला ते त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. जंतू होता तिथेच होता. बाईंनी दाढीला खोलीबाहेर काढून भांडारात खोकी बांधायला बसवले. त्यानंतर पंधरा दिवस आत मी एकटाच नमुने घेत होतो. जंतू वाढला. मी लिहिले की हा जुन्या दाढीचा उरलेला परिणाम आहे.

इथपर्यंत माझे काही चुकले नव्हते असे मला अजूनही वाटते. पुढे माझ्या कसून काम करण्याच्या सवयीने घात केला. अहवाल पक्का व्हायचा तर दाढीशेजारी तुलनेला एखादा निर्मळ माणूस हवा. माझ्या ओळखीत दोनच निर्मळ माणसे. एक तू, ती लांब. म्हणून मी स्वतःचे नमुने घेतले: कंगवा, उशी, बूट, तळहात, कानामागे, आणि आतले कपडे. बारा बशा. चौथ्या दिवशी अकरा बशांत नेहमीचे लोक होते. बाराव्या बशीत पिवळसर, कडेने सुरकुतलेला, ऐटीत पसरलेला तो.

बारावी बशी तुझ्या लोकरीच्या बंडीची होती.

आत्या, तू ती बंडी विणून पाठवलीस त्याला दोन वर्षे झाली. आमच्या खोलीत छताकडून सतत गार वारा सोडलेला असतो आणि तो नेमका माझ्या पाठीवर येतो. छाती जप, छाती जप, असे तू प्रत्येक पत्रात लिहितेस. मी जपली. झग्याखाली लोकर चालत नाही, कारण तिचे तंतू कितीही झाकले तरी बाहेर येतात. तशी सूचना आमच्या दारावर लावलेली आहे. अक्षर माझे आहे.

तुझी बंडी अस्वच्छ होती असे मी म्हणत नाही. उलट आहे. नीट वाच, कारण हे मी कुणालाही सिद्ध करून दाखवीन. इतरांच्या घरात शंभर जातीचे जंतू असतात, ते एकमेकांचे पाय ओढतात, कुणी डोईजड होत नाही. तुझ्या घरात साधे जंतू टिकतच नाहीत. तू रोज सकाळी त्यांना निळ्या बाटलीतल्या औषधाने मारतेस. (ते आणि आमचे औषध एकच आहे, मी डब्यावरचा मजकूर ताडून पाहिला.) जो हा आहे, तो तीस वर्षे रोज मरून उरलेल्यांचा वंशज आहे. त्याला खायला दुसरे काही नव्हते म्हणून तो औषध खायला शिकला. अशा गड्याला मंगळ म्हणजे हवापालट. सगळ्या पृथ्वीवरून निवडून पाठवायचा ठरवला असता तरी याच्याहून लायक मिळाला नसता. आणि तो आमच्या नकळत गेला असता, तर यान कोट्यवधी किलोमीटर जाऊन भोक पाडून, जिवंत काही सापडले म्हणून कळवते, आणि ती तू असतीस.

आणि बाटली घरात कधी आली ते मला आठवते. मी सात वर्षांचा होतो. छाती सारखी भरायची म्हणून मला वर्षभर तुझ्याकडे ठेवले होते. डॉक्टर म्हणाले, याला जंतूंपासून सांभाळा. तू ते मनावर घेतलेस. मी बरा होऊन घरी गेलो. बाटली राहिली. तेव्हा या जंतूत माझाही वाटा आहे, आणि तो मी नाकारत नाही.

तर मी बाईंसमोर उभा राहिलो आणि सगळे सांगितले. आवाज कापला नाही. बंडी काढून टेबलावर ठेवली, दाढीचे नाव अहवालातून काढा म्हटले, आणि त्याची सर्वांदेखत माफी मागितली. बाई खुर्चीतून उठल्या. अशा वेळी माणसाची किंमत कळते, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते. तेव्हा इकडची काळजी करू नकोस. आतोबांना नमस्कार सांग आणि त्यांना आठवड्यातून एकदा गॅलरीत शिंकू दे.

तुझा,
(निर्मळ) भाचा

ता. क. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत तीन काड्या आणि तीन नळ्या आहेत. त्या उकळू नकोस. पिशवी पुसू नकोस. बंडी तू पाठवण्याआधी ज्यात ठेवली होतीस, त्या लाकडी कपाटाच्या खालून दुसऱ्या खणात काडी उभी, आडवी, तिरकी फिरव, नळीत घाल आणि घट्ट बूच लावून परत पाठव. कारण सांगतो. जंतू बंडीत आहे हे कळले, पण बंडीने तो इथे आणला की इथूनच उचलला, हे कळलेले नाही. तुझ्या खणात तो सापडला, तर इथे फक्त मी जिथे जिथे टेकलो त्या तीन जागा तापवून घेतल्या की झाले, दोन दिवसांचे काम. नाही सापडला, तर तो आमच्या इमारतीत मुरलेला आहे असे धरून सगळे यान खोलून भट्टीत घालावे लागेल. मग उड्डाणाची वेळ टळते, आणि मंगळ पुन्हा सोयीच्या जागी यायला सव्वीस महिने लागतात. मात्र नमुना आठ दिवस न पुसलेल्या खणाचा हवा, कारण फडक्याबरोबर तो निघून जातो आणि काडीला लागण्याइतका साठायला तेवढे दिवस लागतात. आठ दिवस, आत्या. घरातले बाकी सगळे पूस. हा एक खण सोड. मी तुझ्याकडे आजवर असे काही मागितलेले नाही, हे मला माहीत आहे.

ता. क. दुसरा. मी बाईंसमोर उभा राहिलो वगैरे वर लिहिले आहे, ते उद्या सकाळी करणार आहे. पत्र पोचायला चार दिवस लागतात. तुझ्या हातात पडेल तेव्हा ते खरे झालेले असेल, म्हणून तसेच राहू दिले.

ता. क. तिसरा. दुसऱ्या दिवशी दुपारी लिहितो आहे. गेलो. आवाज कापला. बंडी काढताना डोक्यात अडकली आणि ती दाढीनेच ओढून काढली, कारण बाईंनी त्यालाही बोलावून घेतले होते. माझी माफी ऐकून तो म्हणाला, "ते राहू दे. वाढायला तीन महिने लागतील, तोवर घरी काय सांगू?" मग बंडीची वीण उलटसुलट बघत विचारले की कुणी विणली. बाईंनी अकरा पाने (आणि बारावे) माझ्यासमोर फाडली. तुझ्या खणाचा निकाल येईपर्यंत मी भांडारात आहे, दाढीच्या स्टुलावर, खोकी बांधतो. निकाल आपल्या बाजूने आला तर परत आत घेतील. नाही आला तर परत यायची गरज नाही, असे त्या म्हणाल्या. या वेळी त्या बऱ्याच बोलल्या. उड्डाणाला सव्वीस दिवस आहेत. चार दिवस पत्राचे, आठ तुझ्या खणाचे, चार परतीचे, चार बशीचे, दोन तापवण्याचे. हाताशी चार उरतात. खणावरून एकदा जरी हात फिरला तर आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील, आणि तितके आपल्याजवळ नाहीत. तू वरून वाचणार नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणून तुझ्यासाठी पत्राची सुरुवात इथे करतो.

आत्या, फडका खाली ठेव.